ताप उतरला, तेव्हाच दवाखान्यात जायला हवं होतं

ओसरी | शुक्रवार, सकाळी १०.१५

माझा धाकटा भाऊ परवा घरी आला. पाच रात्री दवाखान्यात होता, त्यातल्या दोन आयसीयूत. आता जेवतोय, फोनवर भांडतोय, म्हणजे बरा आहे. घरातली धावपळ जरा थांबल्यावर आधी हे लिहायला बसले. आमच्याकडून जे झालं ते या पावसाळ्यात आणखी कितीतरी घरांत होत असणार, ही धाकधूक मनातून जात नाहीये.

आम्ही पुण्यात राहतो. भाऊ २७ वर्षांचा, धडधाकट. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आला तो अंग मोडून आलंय म्हणतच. रात्री १०३ ताप. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर धरलेली. बुधवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, रक्त दिलं. एनएस१ पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. प्लेटलेट्स १ लाख ४२ हजार, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट आहे तो आकडा, ४३. डॉक्टर म्हणाले, घरीच राहा, ओआरएस, ताक, पेज असं सारखं घेत राहा, तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि परवा परत रक्त तपासायला या.

ते "परवा" म्हणजे शुक्रवार. आणि शुक्रवारी सकाळी ताप उतरला. ९८.४. आईने देवापुढे साखर ठेवली. मऊ भात केला. आता कशाला पुन्हा सुया टोचायच्या, म्हणून कोणी डॉक्टरांकडे गेलंच नाही.

दुपारी त्याला दोन उलट्या झाल्या. पोटात दुखतंय म्हणाला. आम्ही म्हटलं, पाच दिवस गोळ्या खाऊन पित्त झालं असेल. झोपला, पण नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. संध्याकाळी त्याच्या तळपायाला हात लागला तर पाय गार. मी कपाटातून लोकरीचे मोजे काढून त्याच्या पायात घातले. ते मोजे आता डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ऑगस्टमध्ये, पंखा बंद असताना, २७ वर्षांच्या मुलाचे पाय बर्फासारखे का लागतायत, हा प्रश्न मला पडला नाही.

रात्री नऊला बाथरूमला जाताना चक्कर येऊन दाराच्या चौकटीवर आदळला. रिक्षाने दवाखान्यात नेलं. रक्तदाब ९०/७४. सिस्टरनी दंडावरचा पट्टा सोडला, तर त्याच्या खाली हातभर लाल बारीक टिपके उठले होते, कुंकू शिंपडल्यासारखे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "लघवी शेवटची कधी केली?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. हिमॅटोक्रिट ५३ झालं होतं.

आमच्याकडे वही होती. दर चार तासांनी ताप लिहिलेला, वेळेसकट. शेवटची नोंद शुक्रवार, सकाळी ७, ९८.४. तिच्याखाली आईने पट्टीने रेघ मारली होती.

नक्की कधी निघायला हवं होतं? ज्यांना अनुभव आहे, जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया लिहा.

---

झुळूक | शुक्रवार, सकाळी ११.०२

वाचून काटा आला अंगावर. भाऊ सुखरूप आहे हे महत्त्वाचं. आमच्या सोसायटीत सध्या सहा जणांना डेंग्यू आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच, पांढऱ्या पेशी किती झाल्या? पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, सगळं चालू आहे. तुमच्या भावाच्या पेशी किती उतरल्या होत्या?

---

ओसरी | शुक्रवार, सकाळी ११.२०

६१ हजार. आयसीयूत ३४ हजारापर्यंत गेल्या. पण एकदाही प्लेटलेट्स चढवल्या नाहीत. आम्ही रक्तपेढीला फोन लावत होतो, डॉक्टरांनीच थांबवलं.

---

सिस्टर_सोलापूर | शुक्रवार, दुपारी २.४०

ओसरीताई, मी १९ वर्षं मेडिसिन वॉर्डात काम करते. तुम्ही जे लिहिलंय ते दर पावसाळ्यात बघते, अगदी मोज्यांसकट. कोणी मोजे घालतं, कोणी दोन गोधड्या घालतं. तुम्ही स्वतःला बोल लावू नका, कारण आपल्याला लहानपणापासून एकच शिकवलंय: घाम फुटला, ताप उतरला, की माणूस बरा.

डेंग्यूत उलटं होतं. पहिले तीन-चार दिवस तापाचे, त्रासाचे, पण त्यात धोका त्या मानाने कमी. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीच्या पडद्यात झिरपतं. नळीत उरलेलं रक्त दाट होतं. ते दाट झालंय हे हिमॅटोक्रिट सांगतं. ४३ वरून ५३ म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त वाढ, हा मोठा इशारा. पाणी कमी पडलं की शरीर हातापायांचं रक्त काढून हृदय-मेंदूकडे वळवतं, म्हणून पाय गार. मूत्रपिंडाकडेही कमी जातं, म्हणून लघवी नाही. ९०/७४ मध्ये वरचा आणि खालचा आकडा किती जवळ आलेत बघा. फरक वीसच्या आत आला की आमची धावाधाव सुरू होते. वरचा आकडा बराच वेळ तग धरतो, म्हणून घरी बीपी मशीन असणाऱ्यांनी नुसता वरचाच बघू नये.

झुळूक, पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या जंतूंशी लढतात. तुम्ही म्हणताय त्या प्लेटलेट्स, मराठीत बिंबिका. आपल्याकडे सर्रास दोन्हींना "पेशी" म्हणतात आणि त्यात घोटाळा होतो. डेंग्यूत त्या उतरतात आणि साधारण आठवडा उलटला की आपोआप चढतात. त्याच दिवसांत रस चालू असतो, म्हणून श्रेय रसाला जातं. मला रसाचा राग नाही, पण तो कडू रस पिऊन पेशंटला उलट्या होतात आणि पोटात टिकायला हवं ते पाणीच बाहेर पडतं, हे मी कितीदा पाहिलंय. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजाराच्या वर बिंबिका चढवायची सहसा गरज पडत नाही. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा पाझरण्यामुळे, आणि तेही वेळेवर सलाईन न मिळाल्याने.

आता निघायचं कधी. पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पेशंट एकदम मलूल किंवा उलट विनाकारण बेचैन, हातपाय गार, उभं राहिलं की चक्कर, सहा तास लघवी नाही. यातलं एकही दिसलं तर रात्र-पहाट न बघता निघायचं. ताप असो वा नसो. तुमच्या भावाच्या बाबतीत ती वेळ दुपारच्या दुसऱ्या उलटीला आली होती. आणि डॉक्टर "परवा या" म्हणाले असतील तर ताप उतरला तरी जायचंच. उलट ताप उतरला म्हणूनच जायचं.

हे पाझरणं २४ ते ४८ तास चालतं. मग तेच पाणी परत रक्तात येतं, तेव्हा सलाईन कमी करावं लागतं, नाहीतर फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून "डॉक्टर, अजून दोन बाटल्या लावा" असा आग्रह धरू नका.

---

ओसरी | शुक्रवार, दुपारी ३.०५

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईला मोठ्याने वाचून दाखवला. अंगदुखीसाठी भावाने बुधवारी रात्री घरात पडलेली दुसरी एक गोळी घेतली होती, डायक्लोफिनॅक. त्याने काही झालं असेल का?

---

सिस्टर_सोलापूर | शुक्रवार, दुपारी ३.३०

एका गोळीने हे सगळं झालं असं कोणी म्हणू शकणार नाही. पण पावसाळ्यात ताप कशाचा आहे ते कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी पोटातून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. कोणाला हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. पॅरासिटामॉलचंही भान हवं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असतंच. वर साडेसहाशेची वेगळी घेतली की दुप्पट होतं, आणि ते लिव्हरला महागात पडतं.

---

बालवैद्य | शुक्रवार, रात्री ९.५०

दिवसभर ओपीडी होती, आत्ता वाचलं. सिस्टरनी इतकं नेमकं लिहिलंय की डेंग्यूवर मला काही भर घालायची नाही. मुलांबद्दल लिहितो, कारण तिथले नियम वेगळे आहेत.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, तर घरी काहीही करत बसू नका, त्याच वेळी निघा. एवढ्या लहान बाळात साधा व्हायरल ताप आणि रक्तात पसरलेलं इन्फेक्शन वरून सारखंच दिसतं. कधीकधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं, बाळ अंगावर प्यायचं सोडतं. तेही तितकंच गंभीर.

त्याहून मोठ्या मुलात मी आकड्यापेक्षा मूल बघतो. १०३ ताप असलेलं मूल औषध दिल्यावर तासाभरात गाड्या घेऊन खेळत असेल तर मला रात्री शांत झोप लागते. १००.५ आहे पण मूल मान टाकून पडलंय, आईकडे बघत नाही, छाती आत ओढत श्वास घेतंय, त्याला मी दाखल करून घेतो. ताप मेंदूत चढतो ही भीती घरोघरी आहे. जंतुसंसर्गाचा ताप सहसा १०६ च्या वर जातच नाही, आणि नुसत्या तापाने मेंदूला इजा होत नाही.

आकडीबद्दल. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, मला माहीत आहे, माझ्या स्वतःच्या मुलीला आला होता. तोंडात चमचा घालू नका, दात मोडतात. कांदा, चप्पल हुंगवू नका. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन. थांबला तरी पहिलाच असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आणि औषधाचं माप. हे खूप तळमळीने लिहितोय. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, एका किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान चार तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिली. पातळ औषधाच्या एका बाटलीत पाच मिलीत १२०, दुसरीत २५०. गेल्या महिन्यात एका आजींनी थेंबांचं औषध चमच्याने दिलं. एक चमचा म्हणजे ५०० मिलिग्रॅम, तिपटीहून जास्त. एकदाच दिलं होतं, बाळाला काही झालं नाही. पण तीच चूक दिवसातून चार वेळा, तीन दिवस झाली असती तर? बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, न दिसल्यास दुकानदाराकडून वाचून घ्या.

कोलन वॉटरच्या पट्ट्या, बर्फ, स्पिरिट नको. स्पिरिट त्वचेतून आत जातं, बर्फाने मूल कुडकुडतं आणि आतली उष्णता वाढते. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने.

---

तळकोकण | शनिवार, सकाळी ७.३०

ताप उतरला म्हणजे संपलं असं मानणं आमच्याकडे दोन रोगांत नडतं, म्हणून लिहितोय.

पहिला लेप्टो. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात पाय. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून ते जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. आधी ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल. मग काही जणांचा ताप दोन-तीन दिवस जातो, माणूस परत शेतात उतरतो, आणि आजार पुन्हा गाठतो तेव्हा कावीळ, लघवी बंद. माझे काका असेच गेले. पोटऱ्या दुखतात म्हटल्यावर आम्ही म्हणालो, लावणी करून कोणाच्या दुखत नाहीत?

मुंबईकरांनी २६ जुलै २००५ नंतर हे अनुभवलंय. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल, आणि पायाला जखम असेल तर नक्कीच, ७२ तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी विचारा. पालिकेचे दवाखाने देतात. गरोदर बाई आणि लहान मुलांना वेगळं औषध असतं, म्हणून स्वतः दुकानातून घेऊ नका.

दुसरा माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, दोडामार्ग तालुक्यात २०१६ ला आला. गोव्यात सत्तरीतही आहे. काजूच्या हंगामात, पाचोळ्यात बसलं की गोचीड चिकटते. ताप येतो, डोकं फुटायची वेळ येते. बरं वाटतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी काहींना ताप पुन्हा उलटतो, त्या वेळी मान आखडणं, भ्रम होणं असे प्रकार. डॉक्टरांना "बागेत गेलो होतो, माकड मेलेलं पाहिलं होतं" हे आपण होऊन सांगा. शहरातल्या डॉक्टरला ते सुचणार कसं?

---

रानवाट | शनिवार, सकाळी ९.१०

तळकोकण, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. आमच्या विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसने धुमाकूळ घातला होता. गवतातला अगदी बारीक किडा चावतो. चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, दुखत नाही, आणि येते कुठे तर काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली. पेशंट लाजेने दाखवत नाही, डॉक्टर घाईत बघत नाही. ती खपली दिसली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने माणूस वाचतो. तपासताना कपडे सैल करून पूर्ण अंग दाखवा, घरच्यांनी आधीच बघून ठेवा.

दुसरं, मे महिन्यातलं. चंद्रपूरला उन्हात काम करणारा माणूस तापलाय आणि बरळतोय, त्याला तापाची गोळी देऊन झोपवू नका. उष्माघातात मेंदूच्या सांगण्यावरून ताप चढलेला नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नसते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा. इथे गार पाणीच हवं, बालवैद्यांनी मुलांबद्दल सांगितलं त्याच्या उलट.

---

दूरदेशी | शनिवार, रात्री ८.४५

मी टोरांटोत, आई-बाबा नाशकात. फोनवर "कणकण आहे जरा, काळजी करू नकोस" एवढंच कळतं. अशा वेळी काय विचारावं?

---

सिस्टर_सोलापूर | शनिवार, रात्री १०.२०

ताप किती, हे शेवटी विचारा. आधी विचारा, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात, काय खाल्लं आणि पोटात राहिलं का, उठून दारापर्यंत जाता येतं का, श्वास लागतो का. मग आज वार कोणता, असं बोलता बोलता काढून घ्या. वयस्कर माणसाला न्यूमोनिया किंवा लघवीचं इन्फेक्शन होऊनही ताप ९९ च्या पुढे जात नाही, नुसतं असंबद्ध बोलणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात वयामुळे असेल. कालपर्यंत हिशोब ठेवणारी आई आज वार चुकते, तर शेजाऱ्यांना फोन करून लगेच दवाखान्यात न्यायला सांगा. आणि कोणाची केमो चालू असेल तर १००.४ ला थांबणं नाही, थेट आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे, मध्यरात्री सुद्धा.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ८.१०

हा धागा आत्ता वाचतेय आणि हात थरथरतायत. माझे यजमान, ४१ वर्षं. बुधवारपासून ताप, शुक्रवारी डेंग्यू निघाला. आज सकाळपासून ताप नाही. दुपारी तीनदा उलटी. आत्ता विचारलं तर म्हणाले सकाळी आठनंतर लघवी नाही. पाय गार आहेत. उद्या सकाळी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे.

---

सिस्टर_सोलापूर | रविवार, रात्री ८.१४

ताई, आत्ता निघा. सकाळची वाट बघू नका. रक्ताची सोय आणि आयसीयू असलेल्या दवाखान्यात. गाडी नसेल तर १०८. शुक्रवारचा रिपोर्ट सोबत घ्या, त्यावरचं हिमॅटोक्रिट त्यांना लागेल. त्यांना चालवत नेऊ नका, जिन्यावर दोघांनी धरा.

---

ओसरी | रविवार, रात्री ८.१६

निघालात की फक्त "निघालो" एवढं लिहा. मी जागी आहे.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ८.३१

निघालो. दीर आहेत सोबत.

---

गोदाकाठ | सोमवार, पहाटे ४.०५

दाखल केलंय. हिमॅटोक्रिट शुक्रवारी ४१ होतं, रात्री ५०. रक्तदाब ९६/७८. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. सलाईन चालू आहे, दर दोन-तीन तासांनी रक्त बघतायत. हात आता कोमट लागतायत. पावणेचारला लघवी झाली, १८० मिली. भांड्यावरचा आकडा मी स्वतः वाचला आणि वहीत लिहिला.